दारात समुद्र, कंटेनर मात्र न्हावा शेव्याला

गावठी हंगाम सरला की वेंगुर्ले-सावंतवाडी भागातल्या काजू कारखान्यांत फोडली जाणारी बी बऱ्याचदा आफ्रिकेची असते. बेनिन, आयव्हरी कोस्ट, गिनी-बिसाऊ, टांझानिया या देशांतून ती कंटेनरमध्ये बसून निघते, आख्खा महासागर ओलांडते आणि न्हावा शेव्याला किंवा मंगळुरूला उतरते. शेवटचा टप्पा ट्रेलरवरचा. वेंगुर्ल्याचा धक्का कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर असला, तरी त्या बीचा त्याच्याशी काही संबंध येत नाही. उलट दिशेने देवगडचा हापूसही असाच जातो. बागेतून समुद्र दिसतो, पेटी मात्र वाशीचा रस्ता धरते.

सिंधुदुर्गाला 121 किलोमीटरचा किनारा आहे. विजयदुर्ग, देवगड, आचरा, मालवण, निवती, वेंगुर्ले, रेडी ही नावं महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या 48 लहान बंदरांच्या यादीत आहेत. त्यांपैकी एकातूनही कंटेनरची नियमित ने-आण होत नाही. 'आमच्याकडे मोठं बंदर कधी होणार' हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत विचारला जातो. सगळा व्यवहार मुळापासून पाहिला तर मला वाटतं, आपण चुकीची गोष्ट मागत आलो आहोत. जिल्ह्याला कमतरता धक्क्याची नाही. कंटेनर भरण्याची, सील करण्याची, कागद पुरे करण्याची आणि अधिकाऱ्याकडून माल तपासून घेण्याची सोय इथे नाही, ही खरी अडचण आहे. हे का, ते समजून घ्यायचं तर आधी आपल्या बंदरांचं काय झालं ते पाहावं लागेल.

सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली. तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. घाटमाथ्यावरचा माल खाली उतरून वेंगुर्ल्याला यायचा आणि गलबतांत चढायचा. इंग्रजी अमलात बेळगाव-धारवाडकडचा कापूस घाटातून बैलगाड्यांनी याच बंदरात येई. मग 1888 च्या सुमारास मुरगावला रेल्वे पोचली. बैलगाडीचे कित्येक दिवस वाचले, माल तिकडे वळला आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. वेंगुर्ल्याचं पाणी आटलं नव्हतं की धक्का कोसळला नव्हता. बंदरामागचा रस्ता दुसरीकडे गेला, एवढंच झालं. बंदर जगतं ते त्याच्या पाठीशी असलेल्या मुलखावर, हे वेंगुर्ल्याने सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिलं आहे.

आयात-निर्यातीचं राजकारणही या भूमीला नवं नाही. 1671 मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला पत्र लिहून पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितलं होतं. बारदेशचं मीठ स्वस्त पडत होतं, त्यामुळे संगमेश्वराकडच्या मिठाला गिऱ्हाईक मिळत नव्हतं. आपल्या आगरांचं मीठ खपावं म्हणून बाहेरचं मीठ महाग करायचं, असा तो सरळ हिशोब होता. काजूच्या बाबतीत केंद्र सरकारने 2019 मध्ये तेच केलं. काजूगराचं किमान आयात मूल्य अख्ख्या गरासाठी किलोला 720 आणि तुकड्यासाठी 680 रुपये ठरवलं, सीमाशुल्क 45 वरून 70 टक्क्यांवर नेलं. बाहेरचा तयार गर अडवायचा आणि कच्ची बी येऊ द्यायची, असं ते धोरण. वेंगुर्ल्यापासून चंदगडपर्यंतच्या काजू कारखान्यांना त्याचा मोठा आधार आहे.

आगबोटींचा काळ अजून अनेक घरांच्या आठवणीत आहे. बोट बाहेर नांगर टाकून उभी राहायची आणि माणसं, करंड्या, बोचकी होड्यांतून तिच्यापर्यंत जायची. पावसाळ्यात सगळं बंद. ही वाहतूक करणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन पुढे सिंदिया कंपनीच्या हाती आली. सिंदिया म्हणजे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी उभी केलेली स्वदेशी जहाज कंपनी. 5 एप्रिल 1919 रोजी तिची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनकडे निघाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. कोकणातले किती तरी खलाशी आणि गोदी कामगार या सगळ्या व्यवहाराचे हात होते. मुंबईच्या प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोदीत पोती पाठीवर वाहणाऱ्यांत कोकणी माणूस मोठ्या संख्येने होता.

त्या पाठीवरची पोती कंटेनरने काढून घेतली, आणि पोत्यांबरोबर कामही. 26 एप्रिल 1956 रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकी ट्रकवाल्याने 'आयडियल-एक्स' नावाच्या बोटीवर 58 डबे ठेवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले. सुटा माल हातांनी चढवायला तेव्हा टनामागे 5.83 डॉलर खर्च यायचा, या पद्धतीने तो 16 सेंटच्या आत आला. पुढचं सगळं या एका आकड्यातून घडलं. बोट बंदरात आठवडा आठवडा पडून राहायची ती काही तासांत निघू लागली. बोट जितकी मोठी तितका डब्यामागचा खर्च कमी, म्हणून बोटी वाढत गेल्या. आज सर्वांत मोठ्या जहाजांवर वीस फुटी मापाचे 24 हजारांहून जास्त कंटेनर बसतात. त्यांना सोळा-सतरा मीटर पाणी लागतं, प्रचंड क्रेन लागतात आणि मागे दिवसाला हजारो ट्रेलर व डझनावारी मालगाड्या हलवणारी व्यवस्था लागते.

मालवणचं बंदर या चित्रात कुठे बसतं? सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक हे शिवकाळात संरक्षण होतं. वाट माहीत असलेला तांडेलच आत येऊ शके. तेच खडक आज मोठ्या जहाजाला बंदी घालतात, आणि घालावीच. या पाण्यात 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, 29.12 चौरस किलोमीटरचं. इथली प्रवाळं आणि माशांची पैदास हे मालवणचं भांडवल आहे. विजयदुर्गची खाडी खोल आणि निवाऱ्याची आहे. मराठ्यांनी गिर्ये इथे गोदी बांधली ती उगाच नव्हे. रेडीत लोहखनिज बार्जमध्ये भरून बाहेर उभ्या जहाजाला देण्याचं काम वर्षानुवर्षं चालत आलं. पण खनिज हा सुटा माल. तो ढिगाने येतो, ढिगाने जातो, आणि खाणीला लागून बंदर असलं की भागतं. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात जयगडला खोल पाण्याचं बंदर 2009 पासून चालू आहे, तिथेही मुख्यतः कोळशासारखा सुटा मालच हाताळला जातो. कंटेनरचं बंदर चालायला आठवड्याला हजारो डबे भरतील असा मुलूख पाठीशी हवा. आपल्या जिल्ह्याचा आंबा, काजू, मासळी, कोकम सगळं एकत्र केलं तरी तो आकडा जवळपास येत नाही. हे कटू असलं तरी मान्य करायला हवं.

म्हणून आपलं खरं बंदर न्हावा शेवा. 26 मे 1989 पासून ते चालू आहे. 2024-25 मध्ये तिथून वीस फुटी हिशोबाने सुमारे 73 लाख कंटेनर हाताळले गेले. मालवणहून ते साडेचारशे किलोमीटरच्या पलीकडे. पालघरमधलं वाढवण झालं तर आणखी उत्तरेला. 76 हजार 220 कोटींच्या त्या प्रकल्पाची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली आणि तिथल्या मच्छीमारांचा विरोध आजही कायम आहे. सिंधुदुर्गाच्या दृष्टीने त्यातून अंतर कमी होणार नाही.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते आयातीपासून पाहू, कारण जिल्ह्याचा सर्वांत जिवंत व्यवहार तोच आहे. कारखानदार आफ्रिकेतल्या विक्रेत्याशी सौदा करतो तेव्हा दराइतकंच महत्त्व उताऱ्याला असतं. 80 किलोच्या पोत्यातून किती पौंड चांगला गर निघेल, तो हा उतारा. 48 चा सौदा म्हणजे पोत्यामागे पावणेबावीस किलो गर. सोळा टन बी असलेल्या कंटेनरमध्ये अशी दोनशे पोती धरली तर उतारा एका पौंडाने घसरल्यावर नव्वद किलो गर कमी पडतो. हे नुकसान जहाजावर, बंदरात, कुठेही डोळ्यांना दिसत नाही. फोडणीला बसल्यावरच कळतं. म्हणून माल भरताना तिकडे आणि उतरल्यावर इकडे त्रयस्थ तपासणी करून घेणं आणि फरक निघाला तर भरपाई कशी, हे करारात आधी लिहून घेणं फार गरजेचं असतं. ओलावा हा दुसरा शत्रू. दिवसा तापणाऱ्या आणि रात्री गार होणाऱ्या लोखंडी डब्यात छताला पाणी धरतं आणि पोत्यांवर ठिबकतं. त्यासाठी आतून कागद लावतात, ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगतात. हे विक्रेत्याने केलं की नाही, ते दार उघडेपर्यंत समजत नाही.

माल जहाजावर चढला की जहाज कंपनी बिल ऑफ लेडिंग देते. हा कागद पावती आहे, वाहतुकीचा करार आहे आणि मालाच्या मालकीचा पुरावाही आहे. ज्याच्या हाती मूळ बिल, त्याचा माल. म्हणूनच बँका त्यावर पैसे देतात. लेटर ऑफ क्रेडिट उघडलेलं असेल तर ठरलेली कागदपत्रं बिनचूक आल्यावर खरेदीदाराची बँक विक्रेत्याला पैसे देते. इथे एक गोष्ट नव्या माणसाच्या ध्यानात येत नाही. बँक कागद पाहते, माल पाहत नाही. कागद बरोबर आणि बी कुजकी, तरी पैसे जातात. या बिलाचा कायदा भारतात 1856 पासूनचा होता, तो जाऊन 2025 मध्ये नवा आला. त्याच वर्षी सागरी मालवाहतूक, किनारी नौवहन, व्यापारी नौवहन आणि बंदरं यांचेही नवे कायदे संसदेने केले.

जहाज बंदराला लागण्यापूर्वी त्यावरच्या मालाची यादी सीमाशुल्क खात्याकडे जाते. आयातदाराने बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ऑनलाइन भरायचं असतं, उशीर झाला की दंड. हे काम कस्टम ब्रोकर करतो. कच्च्या बीवरचं मूळ शुल्क 2018 च्या अर्थसंकल्पात 5 वरून अडीच टक्क्यांवर आलं, त्यावर अधिभार आणि जीएसटी. ही बी शेतमाल असल्याने वनस्पती संगरोध खात्याची तपासणी असते. निघालेल्या देशाचं कीडमुक्तीचं प्रमाणपत्र आणि धुरीचा दाखला लागतो. त्यांत एखादं नाव किंवा तारीख चुकली तर कंटेनर अडतो. आणि अडलेल्या कंटेनरवर दोन मीटर एकाच वेळी धावू लागतात. एक जागेच्या भाड्याचा, तो बंदर किंवा फ्रेट स्टेशन (कंटेनर भरण्या-उतरवण्याचं, तपासण्याचं केंद्र) लावतं. दुसरा डब्याच्या भाड्याचा, तो जहाज कंपनी लावते आणि बहुधा डॉलरमध्ये. करारातल्या मोफत दिवसांत भरलेला डबा बाहेर काढून, गावी नेऊन, रिकामा करून कंपनीच्या यार्डात परत पोचवायचा असतो. न्हावा शेव्याजवळच्या कारखान्याला हे सोपं. सावंतवाडीच्या कारखान्याला जाऊन-येऊन नऊशे किलोमीटर आणि मध्ये चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलेला महामार्ग. अनेक जण म्हणून बंदराजवळच माल ट्रकमध्ये उतरवून घेतात आणि डबा तिथेच सोडतात. खर्च वाचतो, पण पोती दोनदा हाताळली जातात, फाटतात, भिजतात.

निर्यातीची वाट याच्या उलट. परवान्याची सुरुवात आयईसी (आयात-निर्यात कोड) क्रमांकापासून होते. तो ऑनलाइन मिळतो, शुल्क पाचशे रुपये. त्यानंतर बँकेचा कोड सीमाशुल्क खात्याकडे नोंदवायचा, खरेदीदाराशी दर ठरवायचा. एफओबी ठरला तर माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च आणि जोखीम आपली, पुढची त्याची. सीआयएफ ठरला तर भाडं आणि विमा आपण भरायचा, पण जोखीम तरीही माल चढल्यावर खरेदीदाराकडेच जाते. यावरून किती भांडणं झाली असतील याला गणती नाही. मग जहाजावर जागा आरक्षित करायची, यार्डातून रिकामा डबा उचलायचा, माल भरायचा. कारखान्यातच भरला तर निर्यातदार स्वतः इलेक्ट्रॉनिक सील लावू शकतो. 1 जुलै 2016 पासून भरलेल्या डब्याचं पक्कं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही, कारण खोट्या वजनाने जहाजाचा तोल जातो. शिपिंग बिल मंजूर झालं आणि अधिकाऱ्याने निर्यातीचा हुकूम दिला की डबा जहाजावर.

यात काजूगराचं गणित पाहा. पंचवीस पौंडी दोन टिन एका खोक्यात, अशी सातशे खोकी वीस फुटी कंटेनरमध्ये बसतात. एकूण 35 हजार पौंड, म्हणजे जवळजवळ सोळा टन. वरच्या उताऱ्याने एवढ्या गराला 58 टन बी लागते. पण त्यातून सगळा गर डब्ल्यू-320 या प्रतीचा निघत नाही. 180, 240, 450, पाकळी, तुकडा अशा प्रती वेगळ्या होतात, आणि परदेशी खरेदीदार एखाद-दोन प्रतींनीच भरलेला डबा मागतो. घरगुती किंवा बचत गटाच्या पातळीवरच्या कारखान्याला असा एक डबा भरायला मोसम पुरणार नाही. म्हणून छोटा कारखानदार व्यापाऱ्याला विकतो आणि निर्यातीचा फायदा डबा भरणाऱ्याकडे राहतो. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. काजूगराच्या निर्यातीत व्हिएतनामने भारताला मागे टाकलं आहे आणि देशातली बाजारपेठ मोठी, चांगला भाव देणारी आहे. भौगोलिक मानांकन मिळालेल्या वेंगुर्ल्याच्या गराने परदेशाच्या मागे धावलंच पाहिजे असं नाही. काजूत आपल्याला सोय हवी आहे ती आधी आयातीची.

आंब्याची गोष्ट वेगळी, आणि जास्त अवघड. दुबईला हापूस रीफर म्हणजे शीत कंटेनरमधून समुद्रमार्गे जातो, चार-पाच दिवसांत पोचतो, आत साधारण 12-13 अंश तापमान राखलेलं असतं. त्याखाली गेलं की साल काळवंडते आणि फळ पिकतच नाही. जिथे रोगकिडींचे नियम कडक आहेत तिथे फळावर प्रक्रिया केल्याशिवाय प्रवेश नाही. युरोपसाठी 48 अंशांच्या गरम पाण्यात तासभर बुडवायचं, जपानसाठी 47.5 अंशांच्या बाष्पात 20 मिनिटं ठेवायचं, अमेरिकेसाठी किमान 400 ग्रे किरणोत्सर्ग द्यायचा. 1 मे 2014 रोजी युरोपीय संघाने फळमाशी सापडल्यामुळे भारतीय आंब्यावर बंदी घातली, तीही ऐन हंगामात. ती 2015 च्या सुरुवातीला उठली, पण तेवढ्यात एक मोसम गेला. त्यानंतर बागेची नोंदणी, तपासणी आणि फळ कोणत्या बागेतलं याचा माग, हे सगळं पक्कं झालं.

अमेरिकेला आंबा विमानाने जातो आणि भाडंच फळापेक्षा जड होतं. 2022 च्या जूनमध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पद्धतीने प्रक्रिया केलेला केशर आंबा न्हावा शेव्याहून जहाजाने अमेरिकेला पाठवण्याचा प्रयोग झाला. प्रवास पंचवीसेक दिवसांचा होता. केशर टिकला ही मोठी गोष्ट आहे. हापूस नाजूक, आणि त्यात साका. बाहेरून सोन्यासारखं दिसणारं फळ आतून साकाळलेलं निघालं तर पंचवीस दिवसांनी परदेशी दुकानात ते कापणाऱ्याचा विश्वास कायमचा जातो. त्यामुळे हापूसचा लांबचा समुद्रप्रवास हा बंदराचा प्रश्न होण्याआधी संशोधनाचा प्रश्न आहे. साका नसलेलं फळ न कापता ओळखणं आणि ते उशिरा पिकवणं, यांवर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने केलेलं काम कोणत्याही नव्या धक्क्यापेक्षा जास्त मोलाचं ठरेल.

जामसंड्याला पणन मंडळाने आंबा निर्यात सुविधा केंद्र उभारलं, त्यामागची कल्पना नेमकी होती: फळ बागेजवळच निवडायचं, थंड करायचं, पेटीत भरायचं. पण किरणोत्सर्गासाठी फळ वाशीला न्यावंच लागतं. साडेचारशे किलोमीटर ट्रकमध्ये हादरे खाल्लेलं फळ वाशीत पुन्हा निवडलं जातं, त्यातलं काही बाद होतं, आणि बाद फळाचा तोटा बागायतदाराच्या नावावर पडतो.

मासळीबद्दल थोडक्यात. उणे 18 अंशांचा रीफर, प्रक्रिया कारखान्याला मान्यता, आणि युरोपसाठी 2010 पासून मासा कोणत्या बोटीने कुठे पकडला याचा दाखला, या अटी आहेत. समुद्रातली कोळंबी अमेरिका भारताकडून 2019 पासून घेत नाही, कारण ट्रॉलरच्या जाळ्यांत कासवं सुटून जाण्याची सोय नव्हती. वायंगणी, तांबळडेगच्या वाळूत कासवांची अंडी जपणारे आपलेच गावकरी आणि ती जाळी ओढणारेही आपलेच भाऊबंद. कासव वाचवणं आता कोळंबीच्या दराशी जोडलेलं आहे, हे दोन्ही बाजूंनी एकत्र बसून बोलण्यासारखं आहे.

किनाऱ्याला या जहाजांचा फायदा फारसा मिळत नसला तरी धोका पुरेपूर मिळतो. ऑगस्ट 2010 मध्ये मुंबईबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' यांची टक्कर झाली. तेल सांडलं, कंटेनर पाण्यात पडले, त्यांत कीटकनाशकं होती, बंदर काही दिवस ठप्प झालं. मे 2025 मध्ये कोचीजवळ 'एमएससी एल्सा 3' बुडालं. त्यावर 640 कंटेनर होते, तेरांत घातक माल. प्लास्टिकचे बारीक मणी केरळच्या किनाऱ्यावर पसरले, मासेमारी थांबली, केरळ सरकारने साडेनऊ हजार कोटींचा दावा लावला. पंधरा दिवसांतच 'वान हाय 503' या कंटेनर जहाजाला आग लागली. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. म्हणजे न्हावा शेव्याबाहेर किंवा रत्नागिरीपुढे असं काही घडलं तर कचरा येणार तो देवगड-मालवणकडेच. समोर शंभरेक किलोमीटरवर अँग्रिया बँकेचं प्रवाळ आहे, आत अभयारण्य आहे. अशा वेळी कोणी काय करायचं, मणी गोळा कसे करायचे, मच्छीमारांच्या नुकसानीची नोंद कोणत्या नमुन्यात ठेवायची, याची तयारी प्रत्येक बंदर कार्यालयाने आणि मच्छीमार सोसायटीने आधी करून ठेवायला हवी. केरळातला दावा उभा राहिला तो नुकसानीची मोजणी झाली म्हणून.

दूरच्या घटनाही आपल्या दरात उतरतात. 2021 च्या मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलं. 2023 च्या अखेरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून दहा-चौदा दिवस उशिरा पोचू लागली. पल्प किंवा गर पाठवणाऱ्याने भाडं कोणाच्या माथी आहे हे सौद्यात पक्कं केलेलं नसेल, तर असा एक वळसा आख्ख्या वर्षाचा नफा नेतो.

मग जिल्ह्याने मागायचं काय? माझ्या मते, कुडाळ एमआयडीसीच्या परिसरात, रेल्वे आणि महामार्ग दोन्ही जवळ आहेत अशा जागी, एक लहान पण पूर्ण फ्रेट स्टेशन. तिथे सीमाशुल्काचा आणि वनस्पती संगरोधाचा अधिकारी किमान हंगामात बसेल, वजनकाटा असेल, रीफरला वीज मिळेल, गोदाम कोरडं असेल. कोकण रेल्वे पुरी होऊन पाव शतक उलटलं. गोव्यात बाळ्ळीला तिचं मालवाहतूक केंद्र झालं, ट्रक रेल्वेवर चढवून नेण्याची रो-रो सेवा 1999 पासून चालली. सिंधुदुर्गाच्या तिन्ही मोठ्या स्थानकांवर चाकरमानी उतरतात, कंटेनर मात्र उतरत नाही.

असं केंद्र झालं तर सर्वांत मोठा फायदा रिकाम्या डब्यांचा आहे. आफ्रिकेची बी घेऊन आलेला डबा आज रिकामा परत जातो, आणि त्याच महिन्यांत देवगड-रत्नागिरीकडचा डबाबंद हापूस पल्प भरायला रिकामा डबा न्हावा शेव्याहून मागवला जातो. पश्चिम आफ्रिकेच्या बीची आवक आणि पल्पचा हंगाम बराचसा एकाच काळात येतो, आणि दोन्हींना साधाच, विजेशिवायचा डबा लागतो. जहाज कंपनी एकच असली आणि डबा स्वच्छ, कोरडा, वासमुक्त असला तर आयातीचा डबा इथेच निर्यातीला देता येतो. त्यासाठी काजू कारखानदारांची संघटना आणि पल्पवाले यांनी एकत्र बसून एकाच जहाज कंपनीशी वर्षाचा करार करायला हवा. सरकारची परवानगी त्याला फारशी लागत नाही. एकमेकांवर विश्वास लागतो. देवगडच्या आंबा उत्पादकांनी सहकारी संस्था उभी करून तो दाखवला आहे, काजूवाल्यांनाही तो दाखवता येईल.

तोवर ज्यांच्याकडे पूर्ण डबा भरेल इतका माल नाही, त्यांच्यासाठी इतरांच्या मालाबरोबर अर्धा-पाव डबा घेण्याची सोय न्हावा शेव्याला आहे. कोकम, मसाला, काजूगर, आवळा असा कोरडा माल त्यातून जाऊ शकतो. आयईसी काढून ठेवायला डबा भरण्याची वाट पाहायची गरज नाही. मात्र तो क्रमांक दरवर्षी एप्रिल ते जून या तीन महिन्यांत ऑनलाइन अद्ययावत करावा लागतो, बदल काही नसला तरी. केला नाही तर तो निष्क्रिय होतो. आंबा-काजूच्या घाईत हे राहून जातं, तेव्हा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच उरकून टाका.